तारीख टाकायची राहिली

माझा भाचा पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससी करतोय, चौथं वर्ष. या गणपतीत कराडला आला तेव्हा त्यानं वही माझ्या हातात दिली आणि म्हणाला, मावशी तू नुसता घटनादुरुस्तीचा नंबर म्हण, मी सांगतो. मी म्हटलं ६१वी. तो म्हणाला मतदानाचं वय २१ वरून १८. ८६वी? शिक्षणाचा हक्क, कलम २१ अ. ७३वी? पंचायत राज. ४४वी? "मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, कलम ३०० अ, लोकसभेची मुदत सहावरून परत पाच. पुढची बोल."

मला पुढची बोलताच येईना. आई खाटेवर बसून वाती वळत होती, तिचं लक्ष नव्हतं, आणि मला वाटलं की या पोराला सांगावं, अरे ४४वी म्हणजे तुझे आजोबा. पण असं एकदम कसं सांगणार. वहीत दोन ओळींची जागा होती.

म्हणून हे लिहितेय. थोडं लांबेल.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीत, रात्री घरातून नेलं. मी तेव्हा पहिलीत. पाऊस होता आणि आलेले दोन्ही पोलीस अण्णांच्या ओळखीचे होते, एकाचा पोरगा तर त्यांच्याच वर्गात होता, त्यामुळे आईनं चहा टाकला आणि ते प्यायले सुद्धा. सर, नुसती चौकशी आहे असं म्हणाले. अण्णा समाजवादी, सेवादलाचे, गावात सभा घ्यायचे, पत्रकं वाटायचे, याच्यापलीकडे त्यांनी काही केलं नव्हतं. ते परत आले जानेवारी १९७७ मध्ये. मधले सतरा महिने येरवडा.

आमच्याकडे "ते मिसात होते" असं म्हणायची पद्धत होती. जणू मिसा हे एखादं गाव आहे. बाहेर पोरं विचारायची तुझे वडील कुठंयत, मी म्हणायची मिसात. मिसा हा १९७१चा कायदा, अंतर्गत सुरक्षेचा, आणि त्याखाली सरकारला माणूस आत टाकायला गुन्हा लागत नव्हता, उद्या हा काहीतरी करेल एवढं सरकारला वाटलं की पुरे. आणीबाणीत त्यात आणखी बदल केले, मग अटकेचं कारण सांगणंही बंद झालं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं नंतर मोजलं तेव्हा मिसाखाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५ हजारांहून जास्त माणसं आत होती असं निघालं. त्या ३५ हजारांत आमचे अण्णा एक.

पण मला आकडा नाही सांगायचा, मला भेटीची रांग सांगायचीय. आई मला आणि ताईला घेऊन एसटीनं पुण्याला यायची, पहाटेची गाडी, आणि येरवड्याच्या भिंतीजवळ रांगेत उभी राहायची. एकदा आमच्या पुढं एक बाई होती, हातात भाकरीचं फडकं, तिचा नवरा मारामारीत शिक्षा झालेला. ती आईला सहज म्हणाली, आमचं आता सात महिनं राहिल्यात, दिवाळीला सुटत्यात. मग तिनं विचारलं, तुमचं कधी? आईला सांगताच येईना. ती नुसतीच बघत राहिली तिच्याकडं. येताना एसटीत ती ताईला म्हणाली, आणि हे वाक्य ताई अजून सांगते, "त्या बाईकडं तारीख आहे गं."

इतकी वर्षं मी स्थानबद्धतेवर, म्हणजे खटल्याशिवाय माणूस आत ठेवण्यावर, काय काय वाचलं, वकिलांची भाषणं ऐकली, पण याच्याइतकं नेमकं कुणी सांगितलं नाही. चोराला तारीख असते. खुन्यालाही काहीतरी हिशोब असतो, चौदा वर्षं, माफी, पॅरोल. गुन्हाच नाही त्याला शिक्षा नाही, आणि शिक्षाच नाही तर ती संपणार कधी. आई कचेरीत जाऊन विचारायची, तिथला माणूस वाईट नव्हता, तो आपला मान खाली घालून म्हणायचा, वहिनी, वरून आलेलं नाही अजून.

आता घटनेचं. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितलं होतं की घटनेचा आत्मा, तिचं हृदय कुठलं कलम असेल तर ते आजचं ३२वं, म्हणजे हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टाचं दार वाजवता येणं. हक्क लिहिलेला असून उपयोग नाही, तो मागायला जागा पाहिजे. आणि त्याच घटनेत ३५९वं कलम आहे, की आणीबाणी असताना राष्ट्रपती आदेश काढून ही दार वाजवायची सोय बंद ठेवू शकतात. हक्क पुसायचा नाही, नुसतं दार लावून घ्यायचं. २७ जून १९७५ ला असा आदेश निघाला, कलम १४, २१ आणि २२ साठी. २१ म्हणजे जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य.

असा आदेश काही पहिल्यांदा निघाला नव्हता. १९६२ला चीनच्या युद्धात आणीबाणी लागली तेव्हाही निघालेला, आणि तेव्हाची एक गोष्ट मला फार आवडते. प्रभाकर संझगिरी म्हणून मुंबईतले कम्युनिस्ट कार्यकर्ते, ते स्थानबद्ध होते आणि तुरुंगात बसून त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं. शुद्ध विज्ञानाचं. ते छापायला बायकोकडे पाठवायचं म्हणून परवानगी मागितली तर महाराष्ट्र सरकार नाही म्हणालं. संझगिरी हायकोर्टात गेले, जिंकले, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६५ मध्ये तिथंही हरलं. सरकारचं म्हणणं असं की स्थानबद्धाला हक्क नसतात, आम्ही देऊ त्या सवलती असतात. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी ते मानलं नाही.

पण आणीबाणी चालू असताना हे झालं कसं? मी कितीतरी दिवस याच्यात अडकले होते. तर १९६२च्या आदेशात एक अट होती, की भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली हक्क काढून घेतला असेल तर कोर्टात जाता येणार नाही. म्हणजे नियमात बसत नसेल असं सरकार काही वागलं तर दार उघडं. पुस्तक बाहेर पाठवायला बंदी असं कुठल्या नियमात लिहिलेलंच नव्हतं. एवढ्याशा अटीतून ते हस्तलिखित बाहेर आलं.

१९७५च्या आदेशात ती अट नव्हती. कुणीतरी बसून विचार करून ती काढली. मी त्या अज्ञात टेबलाचा फार विचार करते, की एका कागदावरची एक ओळ कमी झाली आणि अण्णा, आणि त्यांच्यासारखे ३५ हजार, यांच्यासाठी ती फट बुजली.

तरी हायकोर्टं बधली नाहीत, हे सांगायलाच पाहिजे. देशातल्या नऊ हायकोर्टांनी सांगितलं की निदान अटकेचा आदेश कायद्यात बसतो का, अधिकार असलेल्या माणसानंच काढलाय का, सूडबुद्धीनं काढलाय का, एवढं आम्ही बघणार. सरकार अपिलात गेलं. तोच तो जबलपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नावानं ओळखला जाणारा खटला, पाच न्यायमूर्ती, निकाल २८ एप्रिल १९७६. सुनावणीत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून एखाद्याला ठार मारलं तर त्यालाही काही दाद नाही का? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही.

चार विरुद्ध एक. रे, बेग, चंद्रचूड, भगवती एका बाजूला, खन्ना एकटे. बेग यांनी लिहिलं की स्थानबद्धांना चांगलं राहायला, चांगलं खायला मिळतंय, सरकार त्यांची जी काळजी घेतंय ती जवळजवळ आईच्या मायेची आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवस उघडलं नाही. आई म्हणे. माझी आई त्या एप्रिलमध्ये काय करत होती मला माहितीय, शाळेनं अण्णांचा पगार थांबवलेला आणि ती घरी पापड लाटून विकत होती. यशवंतराव चंद्रचूड आपले, पुण्याचे, नूतन मराठीत शिकलेले. त्यांनी लिहिलं की स्थानबद्धांना मारतील, उपाशी ठेवतील, गोळ्या घालतील ही जी भीती दाखवली जाते तसलं काही होणार नाही अशी आपल्याला हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा आहे. आशा कितीही लखलखीत असो, ती घेऊन आई त्या रांगेत उभी राहू शकत नव्हती.

अण्णा एरवी तुरुंगातलं फार बोलायचे नाहीत, पण या दिवसाचं बोलायचे. निकालाची बातमी बराकीत आली त्या संध्याकाळी कुणी पत्ते मांडले नाहीत, म्हणायचे. तोवर प्रत्येकाला वाटत होतं की आपला अर्ज कोर्टात आहे, आज ना उद्या लागेल. त्या दिवसापासून वाट बघायलाच काही उरलं नाही.

खन्नांनी लिहिलं की जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क काही घटनेनं तयार करून दान दिलेला नाही, तो आधीपासून आहे, त्यामुळे कलम २१ झाकलं म्हणून सरकारला कायद्याबाहेर जाऊन माणूस उचलता येत नाही. हे लिहिलं तर सरन्यायाधीशपद जाणार हे त्यांना माहीत होतं, आणि गेलंच, जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना केलं. खन्नांनी राजीनामा दिला.

मधेच एक आठवण. डिसेंबर १९७५ मध्ये साहित्य संमेलन नेमकं आमच्या कराडला होतं, अध्यक्ष दुर्गा भागवत. आई आम्हाला घेऊन मांडवात गेली. मला फक्त गर्दीतले पाय आणि धूळ आठवते. आणि मग एकदम सगळे उभे राहिले. दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध लढणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं होतं, हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की आई उभी राहिली आणि तिनं माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. पुढे दुर्गाबाईंनाही आत टाकलं.

हे सगळं झालं त्याच काळात घटनादुरुस्त्याही धडाधड होत होत्या, हे भाच्याच्या वहीत वेगळ्या पानावर आहे. ३८वीनं ठरवलं की आणीबाणी योग्य का अयोग्य हे कोर्टानं बघायचंच नाही. ३९वीनं पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद कोर्टाबाहेर नेला. ४२वी तर एवढी मोठी की तिला लोक छोटी घटनाच म्हणायचे, आणि ती मंजूर झाली तेव्हा विरोधी बाकांवरचे कितीतरी खासदार तुरुंगात होते. मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, प्रमिलाताई येरवड्यात, नवराबायकोची पत्रं एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात. आपल्याकडं शब्द फार चांगला आहे, दुरुस्ती. पंप दुरुस्त करतो, छप्पर दुरुस्त करतो. पण त्या दीड वर्षात जे केलं त्याला दुरुस्ती म्हणवत नाही, छप्पर उचकटलं आणि वहीत दुरुस्ती लिहिलं.

खरी दुरुस्ती ४४वी. १९७७ला जनता पक्ष आला, त्यातले अर्धे लोक आतून आलेले, कायदामंत्री शांतिभूषण. त्यांनी एकेक भोक शोधून बुजवलं. पूर्वी "अंतर्गत अशांतता" एवढ्यावर आणीबाणी लावता यायची, ते काढून "सशस्त्र बंड" घातलं. पूर्वी पंतप्रधानांच्या सांगण्यावरून राष्ट्रपतींची सही झाली होती आणि मंत्रिमंडळाला सकाळी कळलं होतं, म्हणून आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी पाहिजे. संसदेची मंजुरी एका महिन्यात, तीही विशेष बहुमतानं, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागितलं तर आणीबाणी उठवायला खास बैठक. ही यादी वाचताना मला एखाद्या चोरी झालेल्या घरातली माणसं दिसतात, या खिडकीतून आला, इथं गज लावा, मागच्या दाराला अडसर लावा.

आणि मग ते ३५९वं कलम. तिथं त्यांनी फार काही केलं नाही. कंस घातला. मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाणं राष्ट्रपती थांबवू शकतात, असं आधी होतं, त्यात मधे कंसात आलं: कलम २० आणि २१ सोडून. बस. २० म्हणजे गुन्हा केला तेव्हा कायद्यात नसलेली शिक्षा नंतर देता येणार नाही, एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला जबरदस्ती नाही. आणि २१. युद्ध असो, बंड असो, काही असो, जगण्यासाठी कोर्टाचं दार लावता येणार नाही. खन्नांचं एकट्याचं मत घटनेच्या मजकुरात त्या कंसात जाऊन बसलं. २० जून १९७९ पासून ते लागू आहे. पुढे २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी जबलपूरचा निकाल रद्दच ठरवला, आणि तसं लिहिणारे होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. ते लिहिताना त्यांना काय वाटलं असेल याचा मी विचार करते. भगवतींनीही म्हातारपणी, २०११ मध्ये, आपण चुकलो असं जाहीर कबूल केलं. अण्णा त्याच्या आधीच गेले होते.

इथपर्यंत मी भाच्याला सांगितलं. तो ऐकत होता, वही बाजूला ठेवली होती. मग म्हणाला, म्हणजे आता कुणाला असं खटला न चालवता ठेवता येत नाही ना?

तेव्हा मी त्याला मोबाईलवर घटनेची सरकारी प्रत उघडून २२वं कलम दाखवलं. ते स्थानबद्धतेचं कलम. तिथं लिहिलंय की सल्लागार मंडळापुढं, म्हणजे ठेवायला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या मंडळापुढं, न नेता माणसाला तीन महिने ठेवता येतं. ४४व्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमानं हे बदललं होतं. तीनाचे दोन महिने केले होते, मंडळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं नेमायचं, अध्यक्ष चालू न्यायमूर्तीच पाहिजे, बाकीचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, म्हणजे सरकारनं आपल्याच मर्जीतलं कुणी बसवायचं नाही. आणि संसदेला याहून जास्त मुदत मंडळाशिवाय ठेवायचा जो अधिकार होता तोही काढला होता. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. पण दुरुस्तीत एक तरतूद होती, की वेगवेगळी कलमं केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवेल त्या तारखेपासून लागू होतील. बाकीच्यांच्या तारखा निघाल्या. तिसऱ्याची निघाली नाही. घटनेच्या प्रतीत तिथं खाली बारीक अक्षरात तळटीप आहे, की हे कलम अमुक प्रकारे बदलेल, तारीख अजून अधिसूचित व्हायची आहे.

अजून. १९७९ पासून.

मला सगळ्यात लागतं ते हे की पहिली चूक तुरुंगातून आलेल्या माणसांच्याच सरकारकडून झाली. मिसा त्यांनी १९७८ला रद्द केला, त्याबद्दल त्यांचे उपकार, पण ही एक अधिसूचना काढली नाही. नंतर १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, रासुका, त्याखाली धनबादचे खासदार ए. के. रॉय यांना धरलं आणि ते सुप्रीम कोर्टात गेले, की संसदेनं दुरुस्ती केलीय तर सरकार ती लागू का करत नाही. डिसेंबर १९८१ मध्ये निकाल लागला, सरन्यायाधीश होते तेच यशवंतराव चंद्रचूड. बहुमतानं ठरलं की तारीख कधी टाकायची हे सरकारनं बघायचं, कोर्ट जबरदस्ती करू शकत नाही. पाचातले दोन न्यायमूर्ती, गुप्ता आणि तुळजापूरकर, मात्र वेगळं म्हणाले. त्यानंतर सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. कुणीच टाकली नाही.

आपल्या महाराष्ट्रात एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा आहे, १९८१चा. पेपरात रोज आतल्या पानावर असतं, अमुक गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध, येरवडा कारागृहात रवानगी. हातभट्टीवाले, वाळू तस्कर, असे. त्यांच्याविषयी मला प्रेम नाही आणि त्यातले काही खरंच गावाला छळणारे असतील, मग खटला चालवा, शिक्षा द्या, दहा वर्षं द्या. मी ती बातमी वाचते तेव्हा मला त्या माणसाची बायको दिसते आणि तिला रांगेत कुणीतरी विचारतंय, तुमचं कधी?

भाचा म्हणाला, तीनाचे दोन म्हणजे एक महिन्याचाच तर फरक. तो तेवीस-चोवीसचा आहे, त्याचं चुकलं नाही. मी काही बोलले नाही, पण आईनं वात वळता वळता वर बघितलं. इतका वेळ मला वाटत होतं तिचं लक्ष नाही. ती म्हणाली, "एक महिना म्हणजे रे, तीस लिटर दूध."

मग मला आठवलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि आई त्याच्यावर दुधाचा हिशोब लिहायची, खाडा असेल तर चौकटीत फुली. अण्णांना नेलं तेव्हा रतीब दीडचा एक लिटर केला. सतरा महिने त्या चौकटींत बाकी काही नव्हतं, नुसता एक, एक, एक, आणि मधूनमधून फुली. मुंबई-पुण्याकडनं निवडणुकांची बातमी आली, लोकांना सोडायला लागले असं ऐकू यायला लागलं, तरी ती काही लिहीत नव्हती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका चौकटीत तिनं दीड लिहिलंय. सकाळी गवळ्याला सांगितलं होतं तिनं. अण्णा रात्रीच्या एसटीनं आले, तोवर दूध तापवून झाकून ठेवलेलं होतं.